चौकटीत हात आले पाहिजेत : फोनवर काढलेली आपल्या माणसांची व्यक्तिचित्रं

दुधनाकाठची | सोमवार, रात्री ९.४०

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही सेलू तालुक्यातले. त्याच्या भाषेत माणसाला हाक मारायची तर आधी त्या माणसाची खूण ठरावी लागते, आणि खूण बहुतेकदा चेहऱ्यावरूनच पडते. माझी खूण म्हणजे उजव्या भुवईवरून तर्जनी आडवी ओढायची. लहानपणी मी हौदाच्या कडेवर आपटले होते, तिथे अजून वण आहे. आईची खूण म्हणजे हनुवटीवर बोटाने तीन टिंबं, तिचं गोंदण. अण्णांची, टोपी मागे सारायची. गावातल्या कितीतरी माणसांच्या अशा खुणा त्याच्याकडे आहेत. याला चित्रं काढायला कोणी शिकवलं, असं लोक विचारतात. फोन हातात यायच्या कितीतरी आधी तो बोटांनी चेहरे काढत होता, एवढंच मी सांगते.

तीन वर्षांपूर्वी त्याने माझ्या जुन्या फोनवर आयबिस पेंट हे चित्रं काढायचं ॲप टाकलं. रबरी टोकाची साधी पेन, ती दोनदा झिजली. व्हॉट्सॲपवर ओळखी होत होत आता आम्ही मराठवाड्यातले पाचजण जमलोय. अंबाजोगाईकडचे एक दादा आहेत, त्यांचा उजवा पंजा हलरमध्ये, म्हणजे मळणीयंत्रात, गेला. औशाच्या एक ताई चाकाच्या खुर्चीवर असतात. परभणीची एक कॉलेजची मुलगी आहे, कानाला यंत्र लावते. माझा भाऊ आणि त्याचं बोलणं मराठीत आणणारी मी.

नियम एकच ठेवला. प्रत्येकाने दुसऱ्याचं चित्र काढायचं आणि शेवटचा थर चित्रातल्या माणसाने स्वतः काढायचा. थर म्हणजे लेअर. काचेवर काच ठेवावी तसं, खालचं न पुसता वरून काढता येतं, नको ते झाकता येतं, आवडलं नाही तर तो थर बंद करता येतो. फाईल पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायची. फोटो म्हणून पाठवली की थर सगळे एक होतात आणि चित्रही बारीक होतं.

पहिलं चित्र भावाने दादांचं काढलं. चेहरा हुबेहूब आला, पण उजव्या हातावरून त्याने उपरणं टाकलं होतं. त्याला वाटलं, असं बरं दिसेल. दादांनी आपल्या थरात उपरणं झाकून टाकलं आणि मनगटापाशी संपलेला हात काढला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि पट्टीत खोचलेली पेन. ते खरंच तसंच काढतात. भाऊ त्या चित्राकडे बराच वेळ बघत बसला आणि मग मला म्हणाला, "मी त्यांना न विचारता झाकलं."

दुसरं ताईंनी भावाचं काढलं. सुंदर काढलं होतं, पण छातीपर्यंतच. भावाने चौकट खाली वाढवली आणि आपले दोन्ही हात काढले, बोलताना असतात तसे, बोटं थोडी धूसर. सोबत दोनच शब्द लिहिले : 'तोंड इथे.'

येत्या २३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनी, तालुक्याच्या वाचनालयात ही चित्रं लावायची आहेत. छपाई कशी करावी, सोबत मजकूर किती असावा, अजून कुणाला यात यायचं आहे का, सांगा. तीन चित्रं खाली देतेय.

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०.२५

ताई, मी हिंगोलीकडे चित्रकला शिकवत होतो, आता निवृत्त आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकडो पोरं बसवली, त्यात दोन कर्णबधिर होती. त्यांना मी वस्तुचित्र शिकवलं. तुमची कहाणी काय, हे एकदाही विचारलं नाही. आज वाचताना ते आठवलं आणि वाईट वाटलं.

तुमचा शेवटच्या थराचा नियम मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत रिव्हा लेहरर नावाच्या चित्रकार आहेत, मणक्याच्या व्यंगासह जन्मलेल्या. त्या अपंग माणसांची व्यक्तिचित्रं त्यांच्याशी बसून, बोलून काढतात. काही चित्रांच्या वेळी तर बैठक चालू असताना त्या समोरच्या माणसाला आपल्या घरात एकटं सोडून बाहेर जातात आणि त्याने मागे चित्रात स्वतःच्या हाताने हवा तो बदल करायचा असतो. कागदावर हे धाडसाचं काम, कारण बिघडलं तर बिघडलं. तुमच्या फोनवर खालचं काम शाबूत राहतं, म्हणून पहिल्यांदाच हातात पेन धरणाराही न घाबरता बदल करू शकतो. डिजिटलचा खरा फायदा मला इथे दिसतो. रंग स्वस्त पडतात ही त्यामानाने लहान गोष्ट.

दादांना माझ्याकडून सांगा, चक क्लोज या चित्रकाराला १९८८ मध्ये पाठीच्या कण्यातल्या रक्तवाहिनीच्या बिघाडाने पक्षाघात झाला. पुढे ब्रश हाताला बांधून त्याने माणसापेक्षा मोठे चेहरे रंगवले. चौकोनांची जाळी आखायची आणि एकेक चौकोन भरत जायचा. त्याला चेहरे ओळखण्यातही अडचण होती आणि आयुष्यभर त्याने चेहरेच काढले. आयबिसमध्ये जाळी दाखवायची सोय आहे, हात थरथरत असेल तर रेघ स्थिर करण्याचीही आहे. स्थिर करण्याचं प्रमाण वाढवून बघा.

---

आडगावकर | मंगळवार, सकाळी ७.१०

रागावू नका, पण मनातलं लिहितो. कामून दाखवायचं हे सगळं? माझ्या चुलत्याला पोलिओ होता. जन्मभर पाय धोतरात झाकून वावरला. माणूस हुशार, बाजार समितीत त्याच्या शब्दाला मान. पण फोटो काढायचा म्हटलं की खुर्चीवर बसूनच, पाय मेजाआड. त्याच्या मयतीनंतर फोटो शोधला तर एकही उभा फोटो नाही. लोक आधी पाय बघतात, मग माणूस. तुम्ही चित्रात तुटका हात पुढे केला तर लोक हातच बघतील आणि हळहळून घरी जातील. ज्यांनी काढलं त्यांना त्रास व्हावा असं मला वाटत नाही, म्हणून विचारलं.

---

ट्यूबचीपट्टी | मंगळवार, दुपारी १.३५

आडगावकर भाऊ, तो हात माझा. एका हाताने टाईप करायलोय, वेळ लागतो.

तुमच्या चुलत्याचं मला कळतं. म्या पण आठ वर्षं खिशात हात घालून फिरलो. सोयाबीनच्या रासीला हलरवर होतो, पेंढी आत ढकलताना बाही अडकली. त्यानंतर लग्नाच्या फोटोत हारामागं हात, पोराच्या बारशाला शालीखाली हात. पण एक दिवस काय झालं ते सांगतो. एका कार्यालयात कागद घेऊन गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणला, पूर्ण फोटो आणा, हात दिसला पाहिजे. मी म्हणलं, साहेब, प्रमाणपत्राच्या नमुन्यातच लिहिलंय की फोटो फक्त चेहऱ्याचा पाहिजे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या नियमात तसंच आहे. तो म्हणला, आम्हाला पटायला नको का? मग फोटो स्टुडिओत उभं राहून बाही वर केली. स्टुडिओतलं पोरगं ओळखीचं, त्यानं मान खाली घातली आणि न बघताच फोटो काढला.

म्हणजे घरच्यांसाठी झाकायचा आणि साहेबासाठी उघडा करायचा. दोन्ही वेळा हात माझा आणि मर्जी दुसऱ्याची. या चित्रात तो कसा दिसावा हे म्या ठरवलं. पेन बांधलेला दिसावा म्हणलं, कारण तो आता कामाला लागलाय. लोक हळहळले तर हळहळू द्या. माझ्या पोरानं ते चित्र फोनच्या पहिल्या पानावर लावलंय.

---

आडगावकर | मंगळवार, दुपारी २.०५

दादा, वाचलं. माझं म्हणणं मागं घेतो. चुलत्याला कुणी विचारलंच नव्हतं.

---

टॉकबॅकवर_ऐकते | मंगळवार, रात्री ८.१५

नांदेडहून लिहिते. मला दिसत नाही, फोन मला वाचून दाखवतो. धाग्यातला शब्द अन् शब्द ऐकला. मग तीन चित्रं आली, तिथे फोन तीनदा 'इमेज' म्हणाला आणि पुढे गेला. इतकी माणसं त्या चित्रांवर बोलतायत आणि मी दाराबाहेर उभी.

प्रत्येक चित्राचं वर्णन लिहा. 'एका दिव्यांग व्यक्तीचे सुंदर चित्र' असलं नको, त्याने मला काहीच कळत नाही. आधी चौकट किती, माणूस कुठे आहे, अंग कुठे वळलंय, हात काय करतायत, मग रंग. रंग मला सांगा, मी नऊ वर्षांची होईपर्यंत बघितलेत, आठवतात.

---

दुधनाकाठची | मंगळवार, रात्री ९.३०

ताई, चूक झाली. हातातलं काम टाकून आधी हे लिहिते. बरोबर होतंय का सांगा.

चित्र २. उभी चौकट, रुंदीच्या दुप्पट उंच. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा समोर तोंड करून बसलाय, डोकं किंचित डावीकडे कललेलं. केस दाट, कपाळावर आलेले. ओठ मिटलेले. नजर थेट बघणाऱ्याकडे. पाठीमागे पिठाच्या गिरणीची भिंत, पांढुरक्या धुळीच्या रंगाची. खालच्या अर्ध्या चौकटीत दोन हात, चेहऱ्यापेक्षा मोठे काढलेले. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळहातावर टेकतायत. बोटांच्या कडा धूसर आहेत, हलत असल्यासारख्या. हातांचा रंग चेहऱ्यापेक्षा गडद, ओल्या काळ्या मातीसारखा. हा बिचारा

शेवटचे दोन शब्द चुकून राहिले, पुसायचे होते.

---

टॉकबॅकवर_ऐकते | मंगळवार, रात्री ९.५०

बाकी सगळं दिसलं. 'बिचारा' काढलात हे चांगलं केलंत, चित्रात तो बिचारेपणा कुठे आहे? हात चेहऱ्यापेक्षा मोठे, हे ऐकून मी उठून बसले.

आता माझं. मी मातीचे चेहरे करते. पोळ्याला बैलं करायचे, तिथून सुरुवात. स्वतःच्या चेहऱ्यावर एक हात आणि मातीवर एक हात, असं करत करत. मला तुमच्यात यायचं आहे, पण माझं चित्र फोनवर कसं यावं?

---

खडूफळा | मंगळवार, रात्री १०.१५

बाई, नक्की या. बिनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनातले थोर चित्रकार. १९५७ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुढे तेवीस वर्षं ते जगले आणि काम करत राहिले. कागद कापून चिकटवलेली चित्रं केली, मेणाच्या लहान मूर्ती केल्या, कलाभवनात फरशांचं मोठं भित्तिचित्र केलं. आणि सतीश गुजराल, आठव्या वर्षी ऐकणं गेलं, पुढे चित्रकार, शिल्पकार, शिवाय दिल्लीतल्या बेल्जियमच्या वकिलातीची इमारतही त्यांनीच रचली. ही नावं आपल्या शाळांतल्या पोरांना कोणी सांगत नाही. मीही सांगितली नाहीत.

तुमच्या मातीच्या चेहऱ्याचे कुणाकडून तरी चोहोबाजूंनी फोटो काढून घ्या. प्रकाश एका बाजूने येऊ द्या, सकाळचा खिडकीतला, म्हणजे खोलगटपणा उमटतो. सेलूचा मुलगा त्यावरून काढेल.

---

माळवद | बुधवार, सकाळी ६.२०

मी औशाची. धाग्यात उल्लेख आलाय म्हणून लिहितेय.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, सगळे दमून झोपलेले. मी सहा वर्षांची. आमचं घर दगडमातीच्या जाड भिंतींचं, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहायचं ते घर त्या रात्री आमच्यावर बसलं. मला काढलं तेव्हा कमरेखाली काही कळत नव्हतं.

दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन येतं. खुर्ची उन्हात घ्या म्हणतात, तोंड भिंतीकडे करा म्हणतात, हसू नका म्हणतात. मी गेली वीस वर्षं शिवणकाम करते, चित्रं काढते, तालुक्यात माझ्या ब्लाऊजला नंबर लागतो. त्यातलं काही त्या फोटोत येत नाही.

म्हणून मी माझं स्वतःचं काढलं, ते अजून इथे आलेलं नाही. वर्णन आधीच देते. आडवी चौकट. मी खुर्चीत, समोर शिवणयंत्र, हाताने फिरवायचं. खुर्ची आणि पाय एकाच रंगाने रंगवलेत, मधे रेघ नाही, कारण मला ते तसंच वाटतं. वर माळवदाच्या लाकडांच्या सावल्या आहेत, पण लाकडं नाहीत. मी हसतेय.

सेलूच्या भाऊरायाचं चित्र मी छातीपर्यंतच काढलं, कारण मला नेहमी पासपोर्टसारखं काढायची सवय. त्याने चौकट वाढवून पाठवली तेव्हा मला कळलं की मी त्याचा आवाज कापला होता. आता कुणाचंही काढताना आधी विचारते, तुमचं बोलणं शरीरात कुठे आहे?

---

दुधनाकाठची | बुधवार, रात्री ८.४५

ताई, तुमचं वाचून भावाला खुणांनी सांगत होते तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की बोलणं थांबतं, अंधारात हात दिसत नाहीत. मग फोनची बॅटरी उताणी ठेवून पुढचं सांगितलं.

हातांवरून आठवलं. मागच्या दिवाळीत त्याला अजिंठ्याला नेलं होतं. लेण्यांत उजेड बेताचा, सोबतचा माणूस भिंतीकडे तोंड करून बोलत होता, भावाला त्याचे ओठही दिसेनात. तो आमच्यापासून सुटून पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला. सगळे चेहऱ्याचं, मिटत्या डोळ्यांचं कौतुक करत होते, आणि हा नीलकमळ धरलेल्या उजव्या हाताची बोटं स्वतःच्या बोटांनी करून बघत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तिथे सगळे बोलतायत. हात बघ."

आता छपाईचं दुखणं. परवा नमुना म्हणून परभणीच्या मुलीचं चित्र एका फ्लेक्सवाल्याकडे दिलं. घेऊन आलो तर मुलगी गोरी झालेली आणि कानामागचं यंत्र गायब! विचारलं तर म्हणाला, "डाग दिसत होता, काढून दिला, पैसे नाही घेतले त्याचे." त्याने चांगल्या मनानेच केलं असेल. पण त्या मुलीने आपल्या थरात ते यंत्र मुद्दाम पळसाच्या फुलासारखं केशरी रंगवलं होतं. इतकी वर्षं केस पुढे घेऊन झाकलेलं पहिल्यांदा उघड केलं होतं. तिला फोटो पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

---

शाईचाहात | गुरुवार, सकाळी ११.००

मी जालन्यात छपाईच्या दुकानात कामाला आहे. हे आमच्याकडे सर्रास होतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लोक स्वतःच 'जरा गोरं करा' म्हणतात, म्हणून हाताला सवय लागलेली असते.

ताई, फ्लेक्स नकोच, ते लांबून बघायला असतं. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या कडक पाटीवर, मॅट करा, चमक नाही म्हणजे उजेडात चेहरा झळकत नाही. फोनवरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा, त्यामुळे केशरी थोडा मळका येणारच. आधी एक फुटाचा तुकडा छापून बघा. फाईल देताना 'रंग आणि चेहऱ्याला हात लावू नये' असं कागदावर लिहून सही घ्या. आणि चित्र सुरू करतानाच कॅनव्हास मोठा घ्यायला सांगा, नंतर ताणलं की चित्र फाटतं, म्हणजे ठिपके ठिपके दिसतात. जुन्या फोनवर मोठ्या कॅनव्हासला थर कमी मिळतात, त्याचा मेळ घालावा लागेल.

परभणीच्या ताईंचं मी माझ्या हाताने छापून देतो. पैसे नकोत.

---

गोदातीर | गुरुवार, दुपारी ४.३०

फलकावर 'दिव्यांग कलाकार' लिहावं की 'अपंग', 'मूकबधिर' लिहावं का, याचंही ठरवा.

---

दुधनाकाठची | गुरुवार, रात्री ९.००

आम्ही प्रत्येकाला विचारलं. दादा म्हणतात अपंग लिहा, मला चालतं. औशाच्या ताईंना दिव्यांग नको आणि अपंगही नको, 'शिवणकाम आणि चित्रं' एवढंच हवं. भावाला 'मूक' शब्दाचा राग येतो. तो म्हणतो, मी दिवसभर बोलतो, मुका कसा? २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांतही ऐकण्याचं आणि वाचेचं वेगवेगळं धरलंय, मग आपण एका शब्दात कशाला बांधायचं? त्याच्या फलकावर 'बधिर चित्रकार' येईल. एकच शब्द सगळ्यांवर चिकटवणार नाही.

खालचा प्रतिसाद भाऊ स्वतः लिहितोय. त्याची पहिली भाषा खुणांची, मराठी त्याने नंतर डोळ्यांनी शिकली. मी एकही अक्षर बदललेलं नाही.

---

दुधनाकाठची | गुरुवार, रात्री ९.२०

नमस्कार सर्व. मी भाऊ. नांदेड ताई माती चेहरा फोटो आले २२. मी पाहिले सर्व. नाक एक बाजू बोट ठसा आहे. पुसू नका. मी चित्र काढणार, ठसा ठेवणार. शेवट थर ताई तुमचा. पण तुम्ही फोन दिसत नाही. म्हणून माती पाठवा छोटी, ताई हात दाबून. मी फोटो काढून वर थर लावतो. तो तुमचा थर.

ताई खूण मी केली तुमची. अंगठा आणि बोट जवळ, माती चिमटा, नाकाजवळ दोन वेळा. बहीण सांगेल.

मास्तर सर, जाळी चांगली. दादा हात आता कमी हलतो.

---

टॉकबॅकवर_ऐकते | गुरुवार, रात्री १०.०५

भाऊ, ऐकलं. दोनदा ऐकलं. खूण करून बघितली, माझ्या पुतणीने बोटं नीट धरून दाखवली. नाकाच्या उजव्या बाजूला की डाव्या, ते मात्र लिहिलं नाहीत.

मातीचा तुकडा वाळतोय, शनिवारी पार्सल करते. चित्र १ आणि ३ चं वर्णन अजून यायचं आहे.

---

दुधनाकाठची | गुरुवार, रात्री १०.१२

उजव्या. जिथे ठसा आहे तिथेच. वर्णनं उद्या सकाळी टाकते, चित्र १ दादा स्वतः सांगणार म्हणालेत.